एक हजार नंबरचा मालक

मी क्लाक्सविकच्या लिलावात वजनं लिहिते.
कॉड किती, हॅडक किती, कुणाच्या बोटीचा.
यंत्रातलं मला कळतं ते एवढंच,
की सकाळी सहाला पडद्यावर भाव आले नाहीत
तर माणसं माझ्यावर ओरडतात.

यंत्र बर्फाच्या कोठीमागे. खोली इतकी अरुंद
की हानुस आत गेला की दार उघडंच राहायचं.
यंत्राच्या पाठीवर काटे फुगवलेला मासा चिकटवलेला.
खलाशी विचारायचे, हा किलोला कसा दिलास?
हानुस म्हणायचा, हा गिळता येत नाही. म्हणून तर ठेवलाय.

हानुस रविवारी गेला. धक्क्यावर, दोर बांधता बांधता.
बुधवारी मालानला ऑफिसचा कागद आला:
शुक्रवारपर्यंत त्याचे सर्व प्रवेश बंद करावेत.
मला राग आला. मालानला नाही आला.
म्हणाली, मेलेल्याची किल्ली सगळ्यात वाईट,
चोरीला गेली तर बोंब मारायला कोणी नसतं.

तिने मला लॉग दाखवला.
रात्रभर कोणीतरी दार वाजवतंय,
रूट म्हणून, अ‍ॅडमिन म्हणून, एकदा तर नुसतं 'मासा' म्हणून,
दर दोन सेकंदांनी नवा पासवर्ड,
आणि या दाराला पासवर्डचं भोकच नाही.
समुद्राखालचा बोगदा झाला त्या साली
हानुसने ते बुजवलं होतं.
फायरवॉलच्या फाईलीत त्याची पहिली ओळ: सगळं बंद.
मग खाली एकेक फट, आणि प्रत्येकीपुढे कारण:
'बंदरप्रमुखांसाठी. वर्षातून दोनदा बघतात, पण बघतात.'
'मालान, ही ओळ हलवू नकोस. मी हलवली होती.'

किल्ल्यांची फाईल तीनच ओळींची.
एक तिची, एक बॅकअपच्या यंत्राची, एक त्याची,
कुणाच्याच जिभेला न वळणारी लांबच लांब अक्षरं,
आणि अगदी शेवटी, जिथलं यंत्र मनावर घेत नाही,
तिथे त्याने लिहिलेलं:
हानुस, स्वयंपाकघर.
तिथूनच करायचा तो काम. बटाटे शिजत असायचे.

आधी तिने दुसरी खिडकी उघडून ठेवली
(तोच सांगायचा, कुलूप बदलताना एक पाय घरात असू दे).
मग ओळ पुसली. मग खातं.

मला वाटलं, संपलं.
पण फाईलींच्या यादीत, मालकाच्या रकान्यात,
जिथे हानुस होतं तिथे आता १०००.
यंत्राला नाव कधी ठाऊकच नव्हतं, मालान म्हणाली,
त्याच्याकडे आकडा. नाव आपल्या सोयीचं.

अकरा हजार फाईली. वारसाची नोंद घालावी
तशा तिने त्या संध्याकाळपर्यंत आपल्या नावावर केल्या.
एक सोडून. 'टिपणं' नावाची.
वाचता सगळ्यांना येते, लिहिता फक्त मालकाला.
रूटला काहीही करता येतं. तिने केलं नाही.
'ही चूक आहे,' ती म्हणाली. 'मला माहीत होतं, असं लिहून ठेव.'
लिहून ठेवते आहे.

एप्रिलात ब्रान्दुर आला, एकोणीस वर्षांचा,
हातमोजे खिशात कोंबलेले, पासवर्ड विचारत.
पासवर्ड नाही, मालान म्हणाली, आधी किल्ली बनव.
तिने खातं काढलं. आकडा यंत्राने दिला,
सगळ्यात लहान रिकामा होता तो.
ती बघत होती की नव्हती, मला सांगता येणार नाही.

पोराने यादी उघडली आणि मान वर केली.
ही फाईल माझ्या जन्माआधीची आहे.
मग मालक म्हणून माझं नाव कसं?

कोठीत बर्फ कोसळला, दोनदा.
आधी वाच, मालान म्हणाली. सगळी.
मग काही सुचलं तर खाली लिही.
मला तिथे लिहिता येत नाही.

हे खोटं होतं.
साडेपाच वाजत आले होते, पहिली बोट लागत होती,
मी वजनाची वही घेऊन बाहेर गेले.